मी तिथे नव्हतो

2011 पासून मी परदेशी बिझनेस स्कूलला अर्ज करणाऱ्या मुलांचे निबंध तपासून देते. 'तपासून' हा शब्द लोकांना सांगण्यापुरता होता. खरं तर मी ते नव्याने लिहायचे. मुलं कच्चा मसुदा घेऊन यायची, मी दोन-दोन तास त्यांना प्रश्न विचारायचे, वहीत टिपणं काढायचे, आणि चार दिवसांनी जे परत द्यायचे त्यात त्यांचं स्वतःचं वाक्य क्वचितच उरलेलं असायचं. मुलं खूश असायची. आईवडील त्यांच्याहून खूश असायचे. पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर हे काम मला सहज जमत होतं. त्याचे मी पैसे घेत होते, आणि त्यात मला काही गैर वाटत नव्हतं.

माझं मत पक्कं होतं. माणसाचं आयुष्य म्हणजे कच्चा माल, त्याला आकार द्यावा लागतो, आणि पंचविशीतल्या मुलांना तो देता येत नाही म्हणून मी देते, एवढा साधा हिशेब होता. 2019 च्या डिसेंबरात आलेल्या एका फोनने तो मोडला. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

हे निबंध काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. आपल्याकडे कॅटचे पर्सेंटाइल आले की अर्धी लढाई तिथेच संपते. परदेशी संस्था जीमॅटचे गुण बघतात, वरिष्ठांची शिफारसपत्रं मागतात, पण त्याखेरीज त्यांना माणूस हवा असतो, आणि तोही कागदावर. स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं एकच विचारत आलं आहे: तुम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं काय वाटतं, आणि का? हार्वर्डचा प्रश्न बरीच वर्षं अगदी मोकळा होता. अर्जात आहे त्यापलीकडे आणखी काय सांगाल, एवढाच. 2024 मध्ये त्यांनी तो बदलला आणि तीन छोटे निबंध मागायला सुरुवात केली, एक 300 शब्दांचा आणि दोन 250 शब्दांचे. फ्रान्सचं इन्सियाड यशाबरोबर अपयशही लिहायला सांगत आलं, स्वभावातले गुणदोष मोकळेपणाने मांडायला सांगत आलं. पहिल्या फेरीची मुदत साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला असते, दुसरीची जानेवारीच्या. म्हणजे माझ्याकडे एक लाट गणपतीच्या सुमाराला यायची आणि दुसरी दिवाळीचे कंदील उतरले की.

आपल्या मुलांना या निबंधांत सगळ्यांत जड जातो तो 'मी'. लहानपणापासून घरात ऐकलेलं असतं, उगाच मी मी करू नये. शाळेत वर्गप्रमुख झालेला मुलगाही 'आम्ही स्नेहसंमेलन केलं' असंच सांगतो. मुलाखतीला बसलेल्या परदेशी माणसाला मात्र नेमकं हेच हवं असतं की त्यात तू काय केलंस.

2013 साली माझ्याकडे नागपूरची एक मुलगी आली होती. सिमेंटच्या कारखान्यात इंजिनिअर. तिच्या मसुद्यात एक ओळ होती, 'आम्ही भट्टीची बंद राहण्याची वेळ कमी केली.' मी तिला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की सहा आठवडे रात्रपाळीत थांबून, भट्टीच्या आतल्या विटा कुठे आधी झिजतात याच्या नोंदी तिने एकटीने ठेवल्या होत्या. साहेबांनी तो कागद स्वतःच्या नावाने वर पाठवला. तिला त्याचा रागसुद्धा नव्हता. मी तिच्या निबंधातला प्रत्येक 'आम्ही' खोडून 'मी' केला. ती वाचत असताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मॅडम, हे मीच केलं होतं, नाही का?"

ते काम मी बरोबरच केलं होतं. आजही तसंच करीन. चूक पुढे झाली. त्या एका अनुभवाचा मी नियम केला. 'आम्ही' दिसला की खोडायचा आणि 'मी' लिहायचा. मागे कोण उभं आहे, हे विचारायचंच नाही.

इचलकरंजीचा मुलगा माझ्याकडे 2019 च्या नोव्हेंबरात आला. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं नोकरी, जीमॅटला चांगले गुण, बोलायला अतिशय सभ्य. वडील खर्चीवाले यंत्रमागधारक. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग यांचे. कापड विणून द्यायचं आणि पिकाच्या, म्हणजे इंचातल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने मजुरी घ्यायची. चोवीस साधे माग होते. 2018 मध्ये ते विकले. विकले म्हणजे भंगारात गेले. बिडाचे माग घणाने फोडून किलोवर देतात. इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला आणि अख्खं गाव त्या खडखडाटावर उभं राहिलं. त्याच गावात गेली काही वर्षं असे टेंपो भरभरून निघताना लोकांनी पाहिले आहेत. बिनधोट्याच्या नव्या मागांपुढे साध्या मागाचा टिकाव लागत नव्हता, वीजबिल वाढत होतं, नोटाबंदी आणि पाठोपाठ जुलै 2017 चा जीएसटी यांमुळे रोख व्यवहार आटला होता.

त्याच्या पहिल्या मसुद्यात चार पानं कामाबद्दल होती आणि मागांबद्दल फक्त दोन वाक्यं. मराठीत सांगायचं तर अशी: 'आम्ही 2018 मध्ये माग विकले. मी तिथे नव्हतो.'

मी दुसरं वाक्य खोडलं. त्याला म्हणाले, "तू नव्हतास हे त्यांना सांगून काय मिळणार आहे?" तो काही बोलला नाही. मग मी नेहमीसारखी विचारत गेले. कारण कोणतं, चर्चा झाली का, तुझं मत काय होतं? त्याने आठवून सांगितलं की 2017 च्या दिवाळीत घरी गेला असताना त्याने एक्सेलमध्ये हिशेब मांडला होता: मजुरी, वीज, पगार, दुरुस्ती. दर महिन्याला किती तोटा होतोय ते लाल रंगात दाखवलं होतं. वडिलांनी बघितलं आणि "बरं" म्हणाले.

मला एवढं पुरेसं होतं. मी लिहिलं की तीन पिढ्यांचा धंदा बंद करण्याचा कठीण निर्णय त्याने आकड्यांच्या आधारे वडिलांना पटवून दिला. त्याने तक्ता केला होता, हे खरं होतं. वडिलांनी माग विकले, हेही खरं होतं. या दोन्हींतल्या एकाही गोष्टीवर बोट ठेवून कुणी 'हे खोटं' म्हणू शकलं नसतं. खोटं होतं ते या दोन गोष्टींना जोडणाऱ्या 'त्यामुळे' या शब्दात. आणि तो शब्द माझा होता.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी त्याचा बाबा बोलतोय, इचलकरंजीहून. लई चांगलं लिवलंय तुमी. मला इंग्रजी काय कळत न्हाई, पोरानं काल मराठीत वाचून दाखवलं. पन त्यात एक बारीक चूक हाय. तेवढी दुरुस्त करा."

मी विचारलं, कोणती?

"मला कुनी पटवलं नव्हतं."

आवाजात जराही राग नव्हता. पिशवीत एक सामान जास्त आलं तर दुकानदाराला सांगावं, तसं ते सांगत होते. मी म्हणाले, तुम्ही सांगा, नेमकं काय झालं. मग ते जवळजवळ पाऊण तास बोलले. मी नंतर वहीत उतरवून ठेवलं ते असं.

त्यांच्याकडे एक जॉबर होता, एकोणीस वर्षांपासूनचा. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो. त्याची नजर कमी झाली. ऑपरेशन झालं, पण तार दिसेना. नवा जॉबर ठेवायचा तर जुन्याला काय सांगायचं? त्याला घरी बसवून शेजारी दुसऱ्याकडून काम करून घेणं त्यांना जमेना. तोटा तर होताच. तो काही एक्सेलने सांगायला नको होता, रोज रात्री उशाशी असायचा. एके रात्री जेवणं झाल्यावर नवराबायकोने ठरवलं की आता पुरे. "आमी दोघांनीच ठरवलं. ह्याला नंतर सांगितलं. ह्याची नोकरी नवी हुती, कशाला जिवाला घोर?"

भंगारवाला दुसऱ्या दिवशी टेंपो घेऊन यायला तयार होता. यांनी त्याला थांबवलं. मागांवर व्यापाऱ्याच्या सुताची बीमं, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, चढलेली होती. मध्येच कापून सूत परत देता आलं असतं, व्यापाऱ्याची हरकत नव्हती. "पन बीम अर्ध सोडून माग कसा इकायचा?" ते म्हणाले. म्हणून नवं बीम चढवायचं थांबवलं आणि जी होती ती संपू दिली. एकेक बीम संपत गेलं, एकेक माग थांबत गेला. सगळं संपायला सतरा दिवस लागले. तेवढ्यात त्यांनी सातही कामगारांना दुसऱ्या शेडमध्ये कामाला लावून दिलं. शेवटच्या दोन दिवसांत चोवीस मागांच्या शेडमध्ये एकच माग चालू होता, आणि तो ते स्वतः चालवत होते. "आवाज वेगळाच येत हुता ताई. एकट्या मागाचा आवाज आमी कवा ऐकलाच नव्हता."

मुलगा त्यानंतरच्या शनिवारी रात्री घरी पोहोचला तेव्हा शेड रिकामी होती.

फोन ठेवल्यावर मी त्या मुलाचा पहिला मसुदा शोधून काढला. 'आम्ही माग विकले.' मूळ इंग्रजीत अर्थातच 'वुई' होतं. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. 'आपण विकले' म्हटलं तर ऐकणारा त्यात आला, 'आम्ही विकले' म्हटलं तर तो बाहेर राहिला. वडील फोनवर म्हणाले ते 'आमी', आणि त्या 'आमी'त मुलगा नव्हता. मुद्दाम त्याला बाहेर ठेवलं होतं, त्याच्या भल्यासाठी. पोराने इंग्रजीत लिहिलं तेव्हा हा फरक पुसला गेला आणि त्यात तोही सामील असल्यासारखा दिसायला लागला. हे त्याला कुठेतरी जाणवलं असणार, म्हणूनच त्याने लगेच पुढे लिहिलं की मी तिथे नव्हतो. चार पानांतलं सगळ्यांत खरं वाक्य तेच होतं. मी ते पाच सेकंदांत खोडलं होतं.

त्या रात्री मला रमाबाई रानडे आठवल्या. 1910 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. 1938 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं तेव्हा त्याला नाव दिलं 'हिमसेल्फ'. 'आमच्या'मध्ये नवरा-बायको दोघे होते, त्यांतला एकच राहिला, आणि जो राहिला तो पुस्तक लिहिणारा नव्हे. हे मी वर्गात मुलांना कितीदा तरी रागाने सांगितलं होतं. एका शब्दाने एक माणूस पुसला जातो, असं म्हणाले होते. आणि आठ वर्षं मी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून तेच करत होते. कुणाचा जॉबर, कुणाची आई, कुणाचा रात्रपाळीतला सहकारी. 'मी' मोठा दिसावा म्हणून किती जणांना मी बाजूला सारलं असेल, हे आता मोजता येत नाही.

मुलगा दोन दिवसांनी आला. सतरा दिवसांची गोष्ट त्यालाही नव्याने कळली होती. निबंध वाचून दाखवला नसता तर वडील ती कधीच बोलले नसते. तो म्हणाला, "मॅडम, मला वाटायचं बाबांनी माझ्या तक्त्यामुळे विकले. दीड वर्ष मी ते मनात धरून बसलो होतो." म्हणजे माझ्या वाक्याने त्याच्या अर्जात एक खोटं घातलं होतं, एवढंच नव्हतं. त्याच्या मनात आधीपासून सलणाऱ्या एका चुकीच्या समजुतीवर मी शिक्का मारला होता. याची मला आजही लाज वाटते.

मुदतीला पंधरा दिवस होते. मी त्याला सांगितलं की या वेळी मी एक शब्दही लिहिणार नाही. तू लिही, मी फक्त विचारीन. त्याने विचारलं, "ते वाक्य परत घालू?" मी म्हणाले, "तिथूनच सुरू कर."

त्याने पाच वेळा लिहिलं. इंग्रजी माझ्याइतकं गुळगुळीत नव्हतं. एका ठिकाणी बीम म्हणजे काय ते समजावताना दोन वाक्यं लांबली, ती तशीच राहिली. तक्त्याचा उल्लेख त्याने ठेवला, पण असा की तोटा त्याने मोजला आणि जॉबरचे डोळे त्याच्या एकाही रकान्यात नव्हते. ते वाचताना मला कळलं की हे मला सुचलंच नसतं. सुचणार कसं? ते माझं नव्हतंच.

वाचणाऱ्याला पुढचं जाणून घ्यायचं असेल म्हणून सांगते. तीन ठिकाणी अर्ज केले होते, दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या ठिकाणी मुलाखतीला बोलावलं आणि पुढे प्रवेशही मिळाला. मुलाखत घेणाऱ्याने अर्ध्याहून जास्त वेळ मागांबद्दलच विचारलं. मला त्या वेळी हायसं वाटलं ते एवढ्यासाठी की आता त्याला कुणी काहीही विचारलं तरी उत्तर आठवावं लागणार नव्हतं. हार्वर्डच्या मुलाखतीत तर समोरच्याने अख्खा अर्ज वाचलेला असतो, आणि त्या काळी मुलाखत झाल्यावर 24 तासांत पुन्हा लिहूनही पाठवावं लागायचं. दुसऱ्याने लिहिलेल्या 'मी'ला तिथे किती वेळ सांभाळत बसणार? माझी काही मुलं मुलाखतीत अडखळली, तेव्हा मी त्यांनाच दोष द्यायचे. तयारी कमी पडली, असं म्हणायचे. आता वाटतं, ती माझ्या वाक्यांपाशी अडखळत होती.

त्या वर्षापासून मी लिहून देणं बंद केलं. कामं कमी झाली. काही पालक नाराज झाले. एका आईने स्पष्ट विचारलं, मग पैसे कशाचे? प्रश्न रास्त होता, म्हणून मी पैसे निम्मे केले. आता दोनच गोष्टी करते. 'त्यामुळे'खाली रेघ ओढते आणि विचारते, नक्की? आणि ज्यांचा उल्लेख निबंधात आहे त्यांना तो घरच्या भाषेत वाचून दाखवून ये, मग पुढचं बोलू, असं सांगते. बरीच मुलं कुरकुरतात. वडिलांसमोर असलं काही वाचायची सवय कुणालाच नसते. तरी जी वाचून येतात त्यांच्या हातातला कागद दर वेळी बदललेला असतो.

'आम्ही' मात्र मी अजूनही सरसकट राहू देत नाही. सिमेंट कारखान्यातल्या मुलीसारख्या मुली आजही येतात, सगळं काम करून 'टीमने केलं' म्हणणाऱ्या. तिथे मी हट्टाने 'मी' लिहायला लावते. कुठला 'आम्ही' नम्रतेचा आहे, कुठला भीतीचा आणि कुठला खराच, हे आतल्या माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायला वेळ लागतो. पूर्वी तो वेळ मी वाक्यं घासायला वापरत होते.

2023 पासून मुलं मशीनकडून लिहून घेतलेले मसुदे आणतात. ते वाचताना पहिल्यांदा अंगावर काटा आला होता, कारण ती वाक्यं मला ओळखीची वाटली. अडचण, कठीण निर्णय, पटवून देणं, शेवटी धडा. माझीच जुनी चाल. मी त्या मुलांवर रागावत नाही. कागद बाजूला ठेवते आणि विचारते, त्या दिवशी तू कुठे होतास?

2020 च्या फेब्रुवारीत कोल्हापूरला एका लग्नाला गेले होते. परतताना इचलकरंजीला उतरले. त्या मुलाचे वडील स्टँडवर न्यायला आले होते. फोनवरच्या आवाजापेक्षा माणूस बराच बारीक होता. घरी चहा झाल्यावर मीच म्हणाले, शेड बघायची आहे. अर्धी शेड त्यांनी कुणाला तरी गोदाम म्हणून दिली होती, कापडाच्या गाठी रचलेल्या होत्या. उरलेल्या अर्ध्यात फरशीवर तेलाचे काळे डाग होते आणि बोल्टांची भोकं, चार-चारच्या गटांनी, ओळीने. सिमेंटने बुजवली नव्हती. ते पुढे चालत होते, पायाने एकेक जागा दाखवत. ह्यावर अमुक कामगार, ह्याचा धोटा सारखा उडायचा, ही जागा पावसात गळायची. मागच्या भिंतीपाशी, खिडकीच्या खाली, ते थांबले.

"ह्यो शेवटचा," म्हणाले.

मी विचारलं, हाच का शेवटी राहिला?

"बीम नवं हुतं ह्याचं. आमी ठरवलं त्येच्या आदल्याच दिवशी चढवलं हुतं."